रात्री दोनला झोपणारा मुलगा: फोन काढून घेण्याआधी त्याची दुपार आणि सकाळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका आईचा मुलगा अकरावीत आहे, वय सोळा. शाळा सकाळची, संध्याकाळी भंवरकुआँला कोचिंग. रात्री दीड-दोनपर्यंत फोन हातात. सकाळी सहाला चार हाका, पंखा बंद, पांघरूण ओढणं, तरी उठत नाही. आठवड्यातून एकदा तरी बस चुकते, वर्गात डोळे मिटतात, मार्क घसरले आहेत. मागच्या महिन्यात वडिलांनी फोन कपाटात कुलुपात ठेवला, तर चार दिवस तो कोणाशी बोलला नाही आणि खोलीतच जेवला. आजोबा म्हणतात, लाडाने बिघडला. आई विचारते, हे व्यसन आहे का, फोन पूर्ण बंद करू का, आणि झोपेसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) देऊ का?

ताई, गमीजचं आधी सांगते, ते लवकर संपतं. देऊ नका. त्यात मेलाटोनिन असतं. ‘अंधार पडला’ हा निरोप मेंदूकडून सगळ्या शरीराला पोचवणारं ते संप्रेरक आहे. ते किती दिलं यापेक्षा किती वाजता दिलं याला जास्त महत्त्व आहे, आणि वेळ चुकली तर शरीराचं घड्याळ आणखी बिघडू शकतं. शिवाय डबीत नेमकं काय आहे याचीही खात्री नाही. अमेरिकेत २०२३ साली अशा २५ प्रकारच्या गमीज तपासल्या, तेव्हा २२ मध्ये लेबलवरचं आणि आतलं प्रमाण जुळलं नव्हतं. काही मुलांना मी स्वतः मेलाटोनिन लिहून देते, पण कमी मात्रेत, ठरलेल्या वेळी, ठरावीक आठवडे, आणि बाकीचं सगळं करून झाल्यावर. आणि घरातल्या आजीची झोपेची गोळी अर्धी करून देणं तर मुळीच नको. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण असं करून आलेली घरं मी पाहिली आहेत.

आता मूळ गोष्ट. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे: “अडीचला शाळेतून येतो, जेवतो आणि साडेपाचपर्यंत मेल्यासारखा झोपतो.” माझी नजर तिथेच थांबली. फोनबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, पण त्याची रात्र बिघडायला सुरुवात त्या दुपारी होते.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसीन नावाचा पदार्थ साठत जातो. तो जितका साठेल तितके डोळे जड होतात, आणि झोपलं की तो ओसरतो. भूक साठते तशी झोपही साठावी लागते. साडेपाचला उठलेल्या मुलाला साडेदहाला ‘झोप आता’ म्हणणं म्हणजे नुकत्याच जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर बसवणं. त्यात कोचिंगहून आल्यावर नऊला तो कॉफी घेतो असंही तुम्ही लिहिलं आहे. कॅफीन मेंदूत नेमकी ॲडेनोसीनची जागा अडवतं, आणि ते निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दोनला त्यातली अर्धी कॉफी त्याच्या अंगात असते. अशा मुलाच्या हातात फोन नसता, तरी तो दीडपर्यंत छताकडे बघत पडला असता.

दुसरं कारण वयाचं आहे, आणि इथे आजोबांशी मला आदराने बोलायचं आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी अनेक वर्षं किशोरवयीन मुलांच्या झोपेचा अभ्यास केला. लहानपणी जे मेलाटोनिन संध्याकाळी लवकर वाढू लागतं, ते या वयात तास-दोन तास उशिरा वाढू लागतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. म्हणजे दहा वर्षांचा असताना नऊला पेंगणारा हाच मुलगा सोळाव्या वर्षी अकराला ताजातवाना असतो, त्यात लाडाचा संबंध नाही. झोपेची गरज मात्र कमी झालेली नसते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू आहे. आजोबांना एकदा विचारा, त्यांची शाळा किती वाजता भरायची आणि रात्री नऊनंतर घरात किती दिवे जळत असायचे. भांडण म्हणून विचारू नका. त्यांच्या उत्तरातून नातवाची अडचण त्यांना स्वतःलाच दिसेल.

आपल्या शहराचीही एक गोष्ट यात आहे, जी फारसं कोणी बोलत नाही. भारताची घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेली आहेत. इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटं मागे चालतो. जूनमध्ये पावणेसहाच्या आत उजाडतं, पण जानेवारीत सूर्य सातच्याही पुढे उगवतो. पावणेसातची बस पकडणारा मुलगा थंडीत अक्षरशः अंधारात घराबाहेर पडतो. शरीराचं घड्याळ रोज मागे ओढून जागेवर आणण्याचं काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात दिसण्याशी संबंध नसलेल्या, फक्त उजेड मोजणाऱ्या पेशी असतात (त्यांचा शोध २००२ सालचा), आणि त्या थेट मेंदूतल्या घड्याळाला जोडलेल्या असतात. ढगाळ सकाळीसुद्धा गच्चीवर काही हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे. तुमच्या मुलाला बसमधून वर्गात आणि वर्गातून बसमध्ये नेलं जातं. दुपारी तो पडदे लावून झोपतो, आणि कोचिंगला निघतो तेव्हा दिवस कललेला असतो. त्या घड्याळाला दिवस कुठे सुरू झाला हे कळायला जागाच नाही.

मग रविवारी काय होतं? तो बाराला उठतो. सोमवार ते शनिवार त्याच्या झोपेचा मध्य पहाटे चारच्या आसपास, आणि रविवारी सातला, म्हणजे तीन तासांचा फरक. इंदूर आणि सौदी अरेबियाच्या घड्याळात अडीच तासांचं अंतर आहे. तुमचा मुलगा दर आठवड्याला त्याहून थोडा लांबचा प्रवास करून सोमवारी पहाटे परत येतो, आणि त्याच सोमवारी बस चुकते. तुम्हीच लिहिलं आहे की बस बहुतेक वेळा सोमवारी चुकते.

फोन निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तो नेमकं काय करतो हे मात्र नीट समजून घेऊ या, कारण बहुतेक घरं चुकीच्या जागी जोर लावतात. पडद्याच्या निळ्या उजेडाची खूप चर्चा होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांना पाच रात्री झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचायला दिलं आणि दुसऱ्या पाच रात्री छापील पुस्तक. पडद्यानंतर मेलाटोनिन दबलं, घड्याळ जवळजवळ दीड तास पुढे सरकलं, हे खरं. पण झोप लागायला किती जास्त वेळ लागला? सुमारे दहा मिनिटं. तुमचा मुलगा दोनला झोपतो याचा हिशेब त्या दहा मिनिटांत बसत नाही. म्हणून फोनचा पडदा पिवळा केला की काम झालं असं समजू नका, आणि निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यावर पैसेही घालवू नका.

उजेडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे फोनवर थांबण्याची जागा उरलेली नाही. वर्तमानपत्र संपतं, मालिकेचा भाग संपतो. बोट सरकवत राहिलं की खाली नवीन येतच राहावं ही रचना अझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली, आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. दहा रील्समध्ये एखादी आवडते, पण कोणती ते आधी कळत नाही. बक्षीस कधी मिळेल हे माहीत नसलं की प्राणी सर्वांत चिवटपणे प्रयत्न करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर फार पूर्वी दाखवलं होतं. तुम्ही इंदूरच्या आहात, सराफा तुम्हाला सांगायला नको. सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू लागतात. आपणही कॉलेजात असताना रात्री जात होतो. पण चौघी मिळून जायचो, पोट भरायचं, पाय दुखायचे आणि घरी यायचो. फोनमधल्या रात्रीला ना पोट भरणं आहे ना पाय दुखणं. थांबायला लागणारी सगळी ताकद एकट्या मुलाच्या मनातून यावी लागते, आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपास पूर्ण पिकतो.

तिसरी गोष्ट मला एका मुलाने शिकवली. तो तुमच्या मुलाच्याच वयाचा होता. मी विचारलं, बारानंतर असं काय असतं फोनवर? तो म्हणाला, “काही नसतं, मॅडम. सकाळी मी शाळेचा, संध्याकाळी कोचिंगचा, जेवताना घरच्यांच्या प्रश्नांचा. बारानंतरच मी माझा असतो.” त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडते आणि बघते, त्यात त्याचा स्वतःचा असा किती वेळ आहे. बऱ्याचदा तो शून्य निघतो. स्वतःचा वेळ दिवसा मिळाला नाही तर मूल तो झोपेतून कापून घेतं. मोठी माणसंही हेच करतात, ताई. घर झोपल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून फोन बघणाऱ्या कितीतरी आया मला माहीत आहेत.

एक कबूल करायला हवं. स्मार्टफोन घरोघर आले तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा सांगत असे की फोन काढून घ्या. नववीतल्या एका मुलीच्या बाबतीत तसंच सांगितलं. दोन महिन्यांनी ती परत आली. झोप तशीच, वजन कमी झालेलं. फोन नव्हता तरी ती दोनपर्यंत जागी असायची. आईला बाहेर बसवून मी शांतपणे विचारलं, तेव्हा कळलं की वर्गातल्या काही मुलांनी तिचा फोटो एका ग्रुपवर टाकला होता आणि रोज रात्री त्यावर लिहिलं जायचं. ती जागी राहून ते वाचायची. फोन गेल्यावर आज काय लिहिलं असेल हेही तिला कळेना, आणि भीती दुप्पट झाली. पहिल्याच भेटीत मी ‘रात्री फोनवर काय बघतेस’ एवढं विचारलं असतं, तर तिचे ते दोन महिने वाचले असते. आता मी तो प्रश्न आधी विचारते. तुम्हीही विचारा, पण उत्तर ऐकून लगेच उपदेश करायचा नाही, एवढं पाळा.

आता करायचं काय. एका वेळी एकच बदल, आणि पहिला बदल फोनचा नको. दुपारची झोप पंचवीस मिनिटांवर आणा, गजर लावून, आणि ती चारच्या आत संपली पाहिजे. पहिले पाच-सहा दिवस कठीण जातील. तो चिडेल, कोचिंगमध्ये पेंगेल. म्हणून परीक्षेच्या तोंडावर सुरू करू नका. गजर झाल्यावर उठून त्याला घराबाहेर पडायला कारण हवं. सायकल, क्रिकेट, दळण आणणं, काहीही चालेल, फक्त उजेडात. चारनंतर कॉफी बंद, आणि बाजारात डब्यांत मिळणारी ‘एनर्जी’ पेयं अजिबात नकोत, त्यांत कॅफीन बरंच असतं.

रविवारी त्याला सहाला उठवू नका, तो अन्याय होईल. साडेसात ही वेळ त्याच्याशी बोलून ठरवा, आणि पोहे-जिलबी आणायला त्यालाच पायी पाठवा. गंमत म्हणून लिहीत नाही. अर्धा तास सकाळचं ऊन डोळ्यांवर येणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा इलाज आहे, आणि सोळा वर्षांचा मुलगा ‘ऊन घे’ म्हटल्यावर उठत नसला तरी पोह्यांसाठी उठतो. थंडीत, जेव्हा बसच्या वेळी अंधार असतो, तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानात जा असं सांगा.

रात्री त्याला दहाला अंथरुणात पाठवू नका. आज दोनला झोपणारा मुलगा दहाला आडवा झाला तर चार तास तळमळेल, आणि अंथरूण ही जागं राहण्याची जागा आहे असं त्याचा मेंदू शिकेल. आधी दीड, मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. अकराच्या सुमारास पोचलात की तिथे थांबा. अकरा ते सहा म्हणजे सात तास, वर दुपारची पंचवीस मिनिटं. आठ तास होत नाहीत हे मलाही दिसतं, पण सकाळच्या शाळेत यापेक्षा जास्त बसवणं अवघड आहे, आणि आजच्या चार तासांच्या तुटक रात्रीपेक्षा ते खूप बरं आहे.

हे दोन आठवडे चाललं की मग फोन. तोपर्यंत रात्री झोप खरंच यायला लागलेली असते, त्यामुळे लढाई निम्मी होते. नियम मुलासाठी करू नका, घरासाठी करा. हॉलमध्ये एक जागा ठरवा, साडेदहाला घरातले सगळे फोन तिथे चार्जिंगला, बाबांचा आणि तुमचाही. ‘गजर फोनवर आहे’ ही सबब खरी असते, म्हणून साधं गजराचं घड्याळ आणा. ‘होमवर्क व्हॉट्सॲपवर येतं’ हीसुद्धा खरी असते. बरेच कोचिंगवाले रात्री अकराला प्रश्नपत्रिका ग्रुपवर टाकतात. तुम्ही चार पालक मिळून जाऊन सांगा की नऊच्या आत पाठवा. एका घराचं ऐकत नाहीत, चार घरांचं ऐकतात.

आणि याच्या बदल्यात त्याला त्याचा तास द्या. साडेनऊ ते साडेदहा, फोनसकट. त्या वेळात काय बघतोस, किती बघतोस हे विचारायचं नाही, ‘अभ्यास झाला का’ हेही विचारायचं नाही. माझ्या अनुभवात ज्या घरांनी हा तास मनापासून दिला तिथे बाकीचं टिकलं, आणि ज्यांनी तो दोन आठवड्यांत अभ्यासाला जोडला तिथे फोन पुन्हा उशीखाली गेला. सात रात्रींपैकी चार-पाच जमल्या तर ते जमणंच आहे. उरलेल्या रात्रींचा सकाळी उद्धार करू नका.

त्याच्या बाबांसाठी दोन ओळी. रात्री एक वाजता खोलीत जाऊन बोलू नका, तेव्हा दोघेही थकलेले असता आणि दोघांच्याही तोंडून नको ते निघतं. स्कूटरवर किंवा गाडीत, शेजारी बसून, समोर बघत बोला. मुलगे तसं बोलतात. कपाटाला कुलूप लावलं ते घाईत झालं, असं तुम्ही आधी म्हणालात तर पुढचं सोपं होईल.

व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे. त्यात खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. नुसता जास्त फोन बघणं हा त्या यादीत वेगळा आजार नाही. तुमचा मुलगा रविवारी संध्याकाळी क्रिकेटला जातो, मित्र घरी येतात, असं तुम्ही लिहिलं आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, पण हे वाचून मला व्यसनापेक्षा थकलेला आणि घड्याळ चुकलेला मुलगा दिसतो. जेवण, आंघोळ, शाळा सगळं सोडून गेम चालू असेल, पैसे गुपचूप जात असतील, तर मात्र वेगळी मदत लागते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून याचसाठी एक वेगळं क्लिनिक चालतं, आणि इंदूरमध्येही मनोविकारतज्ज्ञ हे बघतात.

काही गोष्टी फोनच्या आड लपतात, त्या तपासायलाच हव्यात. तो घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असतील तर दहा तास झोपूनही मूल पेंगतं. एका मुलाला वर्षभर फोनवरून बोलणी बसली होती आणि दोष टॉन्सिलचा निघाला. रात्री पायांत वळवळ होते, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं म्हणतो का? मग रक्तातलं लोह बघावं लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, आवडत्या गोष्टींतलं मन उडालं आहे का, पहाटे चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही असं होतं का, ‘माझा काय उपयोग’ असं बोलतो का? जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलला किंवा स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर पंधरा मिनिटं अलीकडे वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रात्रीची वेळ असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

तीन आठवडे हे करून बघा आणि मग मला भेटायला या. येताना एक वही आणा, त्यात रोज चारच गोष्टी: किती वाजता आडवा झाला, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठला, दुपारी किती झोपला. वही त्यानेच भरायची, तुम्ही नाही, आणि चुकीचं लिहिलंय असं वाटलं तरी दुरुस्त करायची नाही. मी आधी त्याला एकट्याला आत बोलावीन, तुम्ही दोघं बाहेर थांबा. आणि निघताना त्याला सांगा, डॉक्टर तुझा फोन मागणार नाहीत.